हॉस्टाची झोप आणि नागपूरचा मे

सावलीतली बाग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. गेल्या वर्षी मे ते ऑक्टोबर मी मुलीकडे मिशिगनला होते. तिच्या घरामागे मेपलच्या झाडाखाली हॉस्टा नावाची झाडं आहेत. एकेक पान आपल्या सुपाएवढं, आणि सगळं झाड मिळून माझ्या कवेत मावणार नाही एवढं. सकाळचा चहा मी रोज त्यांच्याजवळ बसूनच घ्यायची. इथे प्रतापनगरला आमच्या घराच्या उत्तरेला, भिंत आणि कंपाउंडच्या मधे, वीस फूट लांब आणि आठ फूट रुंद पट्टी मोकळी पडली आहे. शेजारच्या आंब्याची सावली असते, माती काळी आहे. मुलगी दिवाळीत येते आहे, येताना गड्डे घेऊन येते म्हणते. सगळ्यात मोठं पान कोणत्या जातीचं? आणि झाड तेवढं व्हायला किती वर्षं लागतील? माझं वय सदुसष्ट आहे, म्हणून विचारते.
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : ताई, आधी मुलीला फोन करून सांगा की गड्डे आणू नको. त्याला दोन कारणं आहेत. परदेशातून लागवडीचं काहीही आणायचं तर आधी आयातीचा परवाना आणि तिकडच्या सरकारी खात्याचा रोगमुक्ततेचा दाखला लागतो. २००३ चा वनस्पती संगरोध आदेश तसं सांगतो. गड्ड्याला चिकटून माती आली तर तिला तर मुळीच परवानगी नाही. हा नियम मी मनापासून मानते. एका गड्ड्याबरोबर आलेली बुरशी किंवा सूत्रकृमी आपल्या संत्र्याच्या पट्ट्यात उतरली तर तिला परत पाठवता येत नाही.

दुसरं कारण खुद्द हॉस्टाचंच आहे, आणि ते मी स्वतः तीन वर्षं पाहिलं आहे.

हॉस्टा मूळचा जपान, कोरिया आणि चीनचा. ऑस्ट्रियातल्या निकोलाउस होस्ट नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञावरून १८१२ साली त्याला हे नाव मिळालं. नात्याने तो आपल्या निशिगंधाचा चुलतभाऊ लागतो. त्यातली प्लांटाजिनिया नावाची चिनी जात संध्याकाळी उमलते आणि तिला गोड वासही येतो. मोठ्या पानाचं विचारलंत, तर 'एम्प्रेस वू' चार फूट उंच होते आणि 'सम अँड सब्स्टन्स' पाच फुटांचा घेर धरते. पण ही मोठी जात लावल्यापासून पुरती भरायला पाच ते सात वर्षं घेते, आणि त्या सगळ्या वर्षांत तिला जागेवरून हलवायचं नसतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

या झाडाला झोप लागते ती थंडीत. पानं गळून गड्डा जमिनीत पडून असतो आणि साधारण ४-५ अंशांखालची थंडी त्याला सहा-आठ आठवडे तरी सलग हवी असते. मिशिगनमध्ये जमीनच गोठते, तिथे ती फुकट मिळते. आपल्याकडे? २०१८ च्या डिसेंबरअखेरीस नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तुम्हालाही आठवत असेल, शेकोट्या पेटल्या होत्या. पण ती पहाटेची गोष्ट. दुपारी आपण उन्हात बसून संत्री सोलत होतो. अशा थंडीत हॉस्टाला डोळा लागतो आणि दुपारी पुन्हा जाग येते. झोप पुरी न झालेलं झाड फेब्रुवारीत कोंब काढतं खरं, पण निम्म्या ताकदीने. त्यातून सावरायच्या आत एप्रिल येतो. मेमध्ये रात्रीही पारा बहुतेक वेळा २८ च्या आसपासच असतो. दिवसाची झळ हॉस्टा सावलीत कशीबशी काढेल, पण त्याला रात्र गार हवी आणि ती आपण देऊ शकत नाही.

मी हिमाचलमधून तीन गड्डे आणले होते. डिसेंबर लागला की कुंडी रिकामी करायची, मुळं धुवायची, ओलसर कोकोपीटमध्ये गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन महिने ठेवायची. त्या कप्प्यात सफरचंद ठेवायचं नाही, कारण पिकत्या फळातून निघणारा वायू कोंबाला मारतो. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लावले. नवव्या दिवशी कोंब वर आला. जांभळट टोकाचा, बोराएवढ्या जाडीचा, आणि पान आत विड्यासारखं घट्ट गुंडाळलेलं. ते उलगडायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी चहाचा कप घेऊन तिथेच बसायची, म्हणून तुमचा मिशिगनचा चहा मला इतका कळला. त्या वर्षी सगळ्यात मोठं पान २२ सेंटीमीटर भरलं. दुसऱ्या वर्षी १५. तिसऱ्या वर्षी ९. चौथ्या वर्षी फ्रिजमधून काढलेले गड्डे दाबून पाहिले तर आत भुसा झालेला.

चूक कुठे होती ते मला उशिरा कळलं. मोठं पान हवं तर गड्डा पाच वर्षं जागेवर राहिला पाहिजे, आणि नागपुरात त्याला झोपवायचं तर दरवर्षी उपटला पाहिजे. या दोन गोष्टी एका झाडात जमत नाहीत. छोट्या जातीचा एखादा हॉस्टा हौस म्हणून फ्रिजच्या आधाराने फेब्रुवारी ते एप्रिल बघता येईल. सुपाएवढं पान मात्र इथे होणार नाही, कितीही खत घाला.

आता तुमच्या पट्टीकडे येऊ, कारण ती जागा फार चांगली आहे. आपल्या भागातही मोठ्या पानाची, सावलीत राहणारी आणि वर्षातून एकदा झोपणारी झाडं आहेत. फरक एवढाच की ती थंडी सुरू झाली की झोपतात आणि नवतपा संपून मृगाचा पाऊस पडला की उठतात. ज्या महिन्यांत नागपूर भाजतं त्या महिन्यांत ती जमिनीखाली असतात. अशा झाडाला तुम्ही काही शिकवायचं नसतं.

त्यातलं माझं सगळ्यात लाडकं भुईचाफा. फ्लोरिडाकडे त्याच्या भावंडांना 'दक्षिणेचा हॉस्टा' म्हणतात, आणि ते आपल्याकडे पूर्वीपासून आहे. वैशाखात, जमीन फुटायला आलेली असते तेव्हा, पानाचा पत्ता नसताना मातीतून थेट फूल निघतं. पांढरं, मधली पाकळी जांभळी, वास असा की वाकून घ्यावा लागतो. फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण पाठोपाठ दुसरं येतं. पाऊस लागला की पानं येतात, उभी, हातभर, वरून हिरव्यावर रुपेरी पट्टे. पान उलटून पाहा, खालची बाजू वांग्याच्या सालीसारखी जांभळी असते. पाच वर्षांच्या जुन्या गड्ड्याला माझ्याकडे एका वेळी वीसेक पानं येतात. माझा पहिला गड्डा भंडाऱ्याच्या मावसबहिणीने लुगड्याच्या चिंधीत बांधून दिला होता. नर्सरीत मिळालं नाही तर केम्फेरिया म्हणून विचारा.

लावायच्या आधी एक गोष्ट बघा. उत्तरेची बाजू म्हणजे बाराही महिने सावली असं आपण धरून चालतो. हिवाळ्यात ते खरंच आहे. पण नागपुरात २६ मेच्या आसपास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आपण शून्य सावली म्हणतो ती, आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत तो दुपारीसुद्धा उत्तरेकडेच कललेला असतो. मावळतो तर त्याच्या कितीतरी आधीपासून उत्तरेला सरकून. म्हणजे ऐन नवतप्यात संध्याकाळी चार ते साडेसहाचं ऊन वायव्येकडून तिरपं तुमच्या पट्टीत घुसतं, आंब्याच्या फांद्यांच्या खालून. येत्या मेमध्ये एक दिवस चारला खुर्ची टाकून बसा आणि ऊन कुठवर येतं तिथे वीट ठेवा. विटेच्या पश्चिमेला ७५ टक्क्यांची हिरवी नेट एप्रिलच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत बांधा. वरून नको, बाजूने, उभी. वर आंबा आहेच.

त्याच आंब्याची मुळं खाली सगळं पाणी ओढतील. म्हणून खोडाजवळ खणू नका. पुरुषभर लांब जागा सोडा आणि तिथे नुसत्या कुंड्या ठेवा. बाकीच्या पट्टीत दीड-दोन फूट रुंद आणि तेवढेच खोल खड्डे घ्या. आपली काळी माती पावसात चिखल धरते आणि उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. गड्ड्याला दोन्ही मारक. दोन घमेली काळी माती, एक घमेलं मुरूम, एक घमेलं जुनं शेणखत आणि एक घमेलं कुजलेला पाला, असं कालवून खड्डा भरा आणि आजूबाजूपेक्षा चार बोटं उंच ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही.

भिंतीला लागून हत्तीकान लावा, चार-चार फुटांवर. त्याचं पान तीन फूट सहज होतं आणि टोक वर करून उभं राहतं. सुपाएवढ्या पानाची तुमची हौस तिथे पूर्ण होईल, दोन पावसाळ्यांत. बाजूला फुटणारी पिल्लं काढून टाका, एका झाडावर पाच-सहा पानंच ठेवा, पान आपोआप रुंद होतं. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत आणि दहापट पाण्यात कालवलेलं शेण द्या. कापताना हातमोजे घाला, चिकाने खाज सुटते. कोपऱ्यात पेव असू द्या. त्याची दांडी गोल जिन्यासारखी वळत वर जाते आणि श्रावण-भाद्रपदात लाल बोंडातून पांढरी फुलं येतात. पुढच्या ओळीत भुईचाफा. त्याच्या अधेमधे युकॅरिस लिली लावा, कारण थंडीत भुईचाफा आणि पेव दोन्ही झोपी जातात आणि पट्टी ओकीबोकी दिसते. युकॅरिसचं पान बाराही महिने हिरवं असतं, वीतभराहून लांब, चकचकीत, शिरा देठापासून टोकापर्यंत वळत गेलेल्या. या सगळ्यांत हॉस्टाशी चेहरा जुळतो तो हिचा. कुणाला दाखवलंत तर पहिल्यांदा हॉस्टाच म्हणेल.

एक विनवणी. डिसेंबरात भुईचाफ्याची पानं पिवळी पडली की पाणी तोडा. युकॅरिसला देताना त्याच्या जागेवर पडणार नाही असं द्या. रिकामी माती बघून आपला जीव राहत नाही, रोज तांब्याभर पाणी जातंच, आणि झोपलेला गड्डा त्यानेच कुजतो. माझ्या ओळखीत जेवढे भुईचाफे मेले ते उन्हाने मेले नाहीत, पाण्याने मेले. जागेवर बांबूची काडी रोवा, वर चार बोटं वाळका पाला पसरा, आणि वैशाखापर्यंत त्या जागेकडे जाऊ नका.

वयाचं विचारलंत म्हणून सांगते, मी एकाहत्तरची आहे आणि या मृगात पेवाची नवी ओळ लावते आहे. मे महिन्यात भुईचाफा लावलात तर पानं पुढच्याच महिन्यात दिसतील. फुलासाठी एक वर्ष धीर धरा.

प्रश्न : आजी, मी अकरावीत आहे. मोबाइलवर 'निळा हॉस्टा, ५० बिया' असं पाकीट पाहून पॉकेटमनीतून मागवलं. फोटोत पानं मोरपिशी निळी होती. पाच आठवड्यांत चार रोपं आली, पण ती गवतासारखी दिसतात. काय करू?
— एक विद्यार्थी, महाल

उत्तर : बेटा, पाकिटात काही बिया उरल्या असतील तर पांढऱ्या कागदावर पसरून बघ. हॉस्टाची बी काळी, चपटी असते आणि तिच्या एका टोकाला कागदासारखा पातळ पंख असतो. तुझी बी गोल किंवा तपकिरी असेल तर ती हॉस्टाची नाही. बिया उरल्या नसतील तर आणखी महिनाभर थांब. हॉस्टाचं पहिलं पान खरंच अरुंद असतं, पण दुसरं-तिसरं पान मधे रुंद होतं आणि त्याच्या शिरा कडेला समांतर वळतात. तसं झालं नाही तर ते गवत आहे.

फोटोतलं पान निळं कसं, हे तुला कळायला हवं. हॉस्टाच्या पानात निळा रंग नसतोच. पान हिरवंच असतं, त्यावर मेणाचा पातळ थर असतो. जांभळावर पांढरट धूसर थर दिसतो ना, बोटाने पुसला जातो, तसाच. त्या थरामुळे हिरवं पान निळसर राखाडी दिसतं. जोराच्या उन्हात आणि पावसात तो जातो आणि उन्हाळा संपेपर्यंत तेच पान हिरवं होतं. मोरपिशी निळं पान कुठल्याच हॉस्टाला नाही, तो फोटो रंगवलेला होता. शिवाय नावाजलेल्या जाती बियांपासून तशाच्या तशा येत नाहीत, त्या गड्ड्याचे तुकडे करून किंवा प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवतात. म्हणून 'अमुक निळा' असं नाव छापलेलं बियांचं पाकीट पुन्हा घेऊ नकोस.

तुझे पैसे गेले याचं मला वाईट वाटतं. विकणाऱ्याला फोटोसकट लिहून परत माग, मोठ्या माणसाला सोबत घेऊन. आणि खिडकीत सावली असेल तर बाजारातून ओल्या हळदीचं दोन डोळ्यांचं कांडं आण, मे महिन्यात कुंडीत दोन बोटं खोल लाव. ऑगस्टपर्यंत दीड-दोन फुटांची पानं येतील. पान चुरगळून वास घेऊन बघ.

प्रश्न : काकू, कूलरखाली ओल राहते म्हणून तिथे धोपा, म्हणजे वडीचं अळू, लावला. पहिल्या वर्षी वड्या झाल्या. आता पानं तळहाताएवढीच येतात आणि कडा करपतात. रोज कूलरचं पाणी तिथेच जातं, म्हणजे पाण्याची तर कमी नाही.
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : पाणीच कारण आहे. कूलरच्या टाकीतलं पाणी दिवसभर खेळून उडतं आणि क्षार मागे राहतात. बोरिंगचं पाणी असेल तर टाकीच्या कडेला आणि ताटीवर पांढरा थर धरलेला दिसेल. तेच क्षार रोज तुमच्या धोप्याच्या मुळाशी उतरतात आणि पानाच्या कडेला येऊन जाळतात. वाळलेल्या मातीवर पांढरी पूड दिसते का बघा.

कूलरची नळी दुसरीकडे काढा. येत्या पावसाळ्यात वरची वीतभर माती खरवडून टाका, नवी माती आणि शेणखत घाला, पन्हाळीचं पाणी चार-सहा वेळा त्या जागेवरून वाहू द्या. कंदांची गर्दी झाली असेल, ते उपटून हातभर अंतरावर एकेक लावा. गर्दीत पान कधीच मोठं होत नाही. आणि वड्यांसाठी पानं काढताना एका झाडाची दोनच काढा, सगळ्यात कोवळं आणि त्याच्या खालचं सोडून.

खात्रीसाठी एक बघून घ्या. धोप्याचा देठ पानाच्या काठाला जोडलेला नसतो, पानाच्या पोटात, काठापासून दोन-तीन बोटं आत जोडलेला असतो. टोक खाली लोंबतं, आणि पाण्याचा थेंब टाकला तर तो पाऱ्यासारखा पळतो. देठ थेट खाचेत आणि टोक वर असेल तर ते हत्तीकान आहे, त्याच्या वड्या करू नका.

प्रश्न : आमच्याकडे सात महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू आहे, दिसेल ते चावतं. मोठ्या पानाची कोणती झाडं ठेवावीत? आणि पावसाळ्यात मोठ्या गोगलगाई येतात त्यांना गोळ्या टाकू का?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : हत्तीकान, धोपा, डायफेनबेकिया, मनी प्लांट, मॉन्स्टेरा ही सगळी एकाच कुळातली, चावली की तोंडात सुया टोचल्यासारखी आग होते आणि तोंड सुजतं. पिल्लू मोठं होईपर्यंत ती कंपाउंडच्या पलीकडे किंवा उंचावर ठेवा. हॉस्टानेही कुत्र्याला उलट्या होतात. युकॅरिसचा कांदा उकरून खाल्ला तर तोही बाधतो. हळदीच्या कुळातली, म्हणजे हळद, भुईचाफा, सोनटक्का, यांत त्या सुया नसतात, ती लावा.

गोळ्या टाकू नका. त्यांतलं मेटाल्डिहाइड कुत्र्याचा जीव घेऊ शकतं आणि त्यांच्या वासाने कुत्री ओढली जातात. रात्री नऊनंतर टॉर्च आणि मिठाच्या पाण्याची बादली घेऊन फिरा, हातात पिशवी घालून वेचा. संध्याकाळी ओलं पोतं जमिनीवर टाकून ठेवलं तर सकाळी निम्म्या त्याच्याखाली सापडतात. कुंड्यांच्या बुडाशी साबुदाण्याएवढ्या पिवळट अंड्यांचे पुंजके असतात, ते आधी काढा. पहिल्या पावसानंतरचे पंधरा दिवस हे नेमाने केलंत तर पुढच्या पावसाळ्यात त्रास बराच कमी होईल.